वॉशिंग्टनचा टोप

माझा नवरा डेल्बर्ट पिक्वा गावात रीडेल मोटर्समध्ये गाड्या विकायचा, आणि त्याच्यासारखा सेल्समन अख्ख्या ओहायोत नव्हता. बायको म्हणून नाही सांगत, टोप त्याच्याकडे असायचा.

फेब्रुवारीच्या बर्फात गाडी घ्यायला कोण बाहेर पडतंय? पण बावीस फेब्रुवारीला आमचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन ह्याच्या वाढदिवसाची सुट्टी, आणि कापडवाले हिवाळ्याचा उरलेला माल त्या दिवशी स्वस्तात काढायचे. त्यांचं बघून गाडीवाल्यांनीही सेल लावला. आमच्या रीडेलकडे रीत अशी, की जानेवारीत ज्यानं सगळ्यात जास्त गाड्या विकल्या त्यानं त्या बावीस तारखेला वॉशिंग्टनसारखा पांढऱ्या केसांचा टोप घालून दारात उभं राहायचं. पहिलं गिऱ्हाईक त्याचं. वर्षानुवर्षं तो डेल्बर्टच्याच डोक्यावर. टोपाला पावडर मी लावायची, आणि लहानग्या वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याच्या गोष्टीवरून गिऱ्हाइकांना द्यायचा चेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ही माझ्याच हातचा.

एकाहत्तर साली टोप ग्वेन पुलियमला मिळाला. काल आलेली पोरगी! माझा नुसता जळफळाट झाला. त्यात तो तिला शोभत होता, हे तर आणखीच.

त्याच वर्षी सरकारनं ही सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारवर नेली, म्हणून सेलही आठवडाभर आधी, पंधरा तारखेला आला. ग्वेननं डेल्बर्टला सांगितलं, तुझ्या जुन्या लोकांना फोन करून कळव.

"माझ्या लोकांना वॉशिंग्टन कधी जन्मला ते ठाऊक आहे," तो म्हणाला. मलाही वाटलं, आता ही बया ह्याला धंदा शिकवणार! कशाला करतोस फोन, असं मीच म्हणाले.

पंधरा तारखेला, सेलच्या सोमवारी, त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. बावीसला मी त्याचा डबा द्यायला गेले, तर त्याचं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा ऑर्व्हिल टॅकेट, बायकोला घेऊन हजर, मागे आणखी दोन कुटुंबं. दरवर्षी डेल्बर्ट त्यांना हीच तारीख सांगत आलेला. काचेवरच्या सेलच्या पाट्या तर केव्हाच उतरल्या होत्या.

डेल्बर्ट मालकाच्या मागे मागे फिरला, हातापाया पडायचाच बाकी राहिला. सेल संपला, एवढंच रीडेल म्हणत होता. ऑर्व्हिल टोपी हातात धरून दाराशी उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ग्वेन टेबलावरून उठली. "ह्यांना डेल्बर्टनं बोलावलंय. त्याचा शब्द म्हणजे आपल्या दुकानाचा शब्द. सेलचा भाव द्या त्यांना."

रीडेल म्हणाला, बरं.

डेल्बर्टच्या तिन्ही गाड्या त्या दिवशी खपल्या. रात्री तो ताटातले बटाटे नुसते चिवडत बसला.

"झालं ना काम? मग?" मी विचारलं.

"मी तासभर विनवण्या केल्या, मार्ज. तिनं एकदाच सांगितलं."

ग्वेन वाईट असती तर मी तिला केव्हाच विसरले असते. चांगली वागली, म्हणून अजून माफ केलेलं नाही.