अर्थ नसलेल्या गाण्याला परवानगी

मी जॅझ गाते आणि नाटकात काम करते. नागपुरात दुसरी गोष्ट सांगितली की लोक विचारतात, "कोणत्या नाटकात?" पहिली सांगितली की विचारतात, "आणि बाकी काय करता?" दर रविवारी दुपारी मी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात गाते. समोर माणसं बुफेच्या रांगेत प्लेट धरून उभी असतात. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त फर्माईश आली ती वाढदिवसाच्या गाण्याची.

नाटकाला मात्र आई दरवेळी येते. कोराडीहून बसने येते, पहिल्या रांगेत बसते आणि प्रयोग संपला की माझ्या निऱ्यांवर शेरा मारते. सावनेरच्या नातेवाइकांना सांगते, "पोरगी नाटकात आहे." गाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते, तेव्हा तिथल्या कॉलनीच्या गणपतीत मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर जॅझ गायले. लोक खो-खो हसले आणि आई अर्ध्या गाण्यातून उठून घरी गेली. त्यानंतर तिने माझं गाणं ऐकायला मागितलं नाही आणि मीही ऐकवलं नाही. हट्टीपणात आम्ही दोघी एकमेकींना भारी आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमचं नाटक स्पर्धेत होतं. पहिल्या फेरीला आईचे गुडघे धरले होते म्हणून ती आली नाही. प्रवेश असा होता की मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेय आणि नवरा येऊन भांडतो. नवरा येईना. तो थिएटरच्या बाथरूममध्ये अडकला होता, आतली कडी निघत नव्हती. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की तेच तांदूळ मी तिसऱ्यांदा निवडतेय.

स्पर्धेचा नियम कडक. सेन्सॉरचा शिक्का मारलेल्या संहितेबाहेरचा एक शब्दही रंगमंचावर बोलायचा नाही. शब्द नाही ना, म्हटलं, आणि गायला लागले. जॅझमध्ये शब्द सोडून नुसती अक्षरं फिरवत गातात, बा-दू-बी-दा असं, तिथल्या तिथे सुचेल तसं. त्याला स्कॅट म्हणतात. नवरा घामाघूम होऊन आत आला तोवर सगळं प्रेक्षागृह चिडीचूप बसलं होतं. परीक्षकांनी शेरा दिला, 'शब्दांपलीकडचा एकटेपणा'. बाथरूमच्या कडीचं श्रेय कुणी दिलं नाही. आम्ही अंतिम फेरीत गेलो.

आमचे दिग्दर्शक बँकेतून रिटायर झालेले, हिशेबी माणूस. ते म्हणाले, "फायनलले हेच पाहिजे वं. जसंच्या तसं."

"सर, ते जसंच्या तसं होत नाही. ते त्या वेळी सुचतं."

"मंग सुचलेलं पाठ कर."

कुणीतरी मोबाइलवर प्रयोग शूट केला होता. त्यावरून त्यांनी माझी अक्षरं उतरवली, दीड पान भरलं, आणि ते पान संहितेला जोडून आम्ही नव्या शिक्क्यासाठी सेन्सॉरच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"याचा अर्थ काय?"

"तराणा आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"राग?"

दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. "मिश्र," मी म्हटलं. साहेबांचं समाधान झालं आणि शिक्का बसला.

मग शहराबाहेर बेसा भागात दिग्दर्शकांच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये तालमी सुरू झाल्या. ते पानावर बोट ठेवून ऐकायचे. "तिसऱ्या ओळीत 'दी' आहे. तू 'दा' म्हणून राहिली." मी निमूटपणे 'दी' म्हणायचे. आतून मात्र जाम चिडले होते, कारण आईचे गुडघे आता बरे होते. बावीस वर्षांनी ती मला गाताना ऐकणार, आणि ऐकणार काय, तर पाठांतर. पण ती अक्षरं आता शिक्क्याच्या संहितेत होती; एक जरी हललं तर अख्ख्या ग्रुपचं बक्षीस जाणार होतं, आणि तसं होऊ देणार नाही असा शब्द मी दिला होता.

अंतिम फेरी दुपारची होती. पहिल्या दोन ओळी मी शिक्क्याबरहुकूम गायल्या आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघतच नव्हती. पर्स दोन्ही हातांनी धरून, मान वळवून ती मागे बघत होती. मला वाटलं, ही आता उठणार. तिसरी ओळ आली तशी मी 'दी' सोडलं, 'दा' पण सोडलं, दीड पानच सोडलं आणि जे येईल ते गायले. तिने उठू नये म्हणून गायले. विंगेत दिग्दर्शकांचं बोट पानावर थोडा वेळ भटकलं, मग त्यांनी फाइल मिटली.

बक्षीस गेलं. दिग्दर्शक पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आई उठली नव्हती. प्रयोगानंतर ती बाहेर पायरीवर बसून माझी वाट बघत होती. मी तिच्या बाजूला बसले आणि सरळच विचारलं, "निघून चालली होतीस ना?"

"मी काहून जाईन?"

"मग मागे काय बघत होतीस?"

"कोण हसते ते पाहून राहिली होती," आई म्हणाली. "एक जरी हसला असता तं पर्स हाणली असती त्याले."

मी हसले. ती हसली नाही. पदराने चष्मा पुसत बसली.

"कॉलनीत सारेच हसून राहिले होते वं," ती म्हणाली. "तुह्यावर हसताना मले पाहवलं नाही. कोणाकोणाले हाणणार होती मी? म्हणून उठली."