वरचा बांगडा

हर्णेच्या बंदरावर बकुळाशी हुज्जत घालायला माणूस दोनदा विचार करतो. तिची जीभ धारदार, पण हात मोकळा. बांगडे मोजून वाटा लावला, की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत वर एक बांगडा टाकणार. तो तिच्या खुशीचा.

तिची लेक भाविका स्वमग्न आहे. शाळेची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरते, आणि फळ्यावरचं गणित फळ्यावरच राहतं. म्हणून बकुळाने तिला भागाकार शिकवला तो टोपलीपाशी बसवून, वाटे लावायला देऊन. तशीच ती नववी पार झाली.

आणि दहावीच्या तोंडावर हेडमास्तर महिपत सर म्हणाले, "हिला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. चाचणीत भागाकाराचं एक उत्तर धड नाही. शाळेचा निकाल खाली येतो."

बकुळाने पेपर ओढून घेतला. एकशे वीस भागिले आठ, सोळा. चौऱ्याऐंशी भागिले सात, तेरा. तिने मनातल्या मनात वाटे लावून पाहिले आणि ती थबकली. प्रत्येक उत्तरात बरोबर एक जास्त. पोरीने आईसारखाच प्रत्येक वाट्यावर एक टाकला होता. बकुळाला आधी लाज वाटली, मग संताप आला. इतक्या शिकलेल्या माणसांत एकालाही हे दिसू नये?

"सर, चूक माजी हाय, पोरीची नाय." ती शेजारी बसलेल्या लेकीकडे वळली. "भाविका, वरचा टाकू नको गो. नुसता वाटा लाव."

भाविकाने मान वर केली नाही. पेन घेतलं आणि लिहिलं, पंधरा. बारा. मग खालची सगळी, न थांबता.

सरांनी दोनदा तपासलं. शाळेतर्फे बसायचा फॉर्म पुढ्यात घेतला, पण स्वमग्न मुलांना मिळणाऱ्या सवलतींच्या रकान्यापाशी अडले. "वेगळी खोली, जास्तीचा वेळ... एकीसाठी एवढं कशाला? बाकीची मुलं काय म्हणतील?"

बकुळाने खुर्ची टेबलाला भिडवली. "सर, तुमच्या घरी बांगडा कोनाकडनं जातो?"

"तुमच्याकडूनच."

"वीस वर्सं. वरचा टाकल्याबिगर कदी दिला? तो तुमचा नव्हता, तरी घेतलात. ह्यो वेळ तर माज्या पोरीच्या हक्काचा हाय. लिवा."