राखेनं घासलेली काळी गाडी

सत्तरच्या दशकात नागपुरात बाईनं मोटार चालवली की लोक आधी गाडीकडे बघायचे, मग बाईकडे, आणि मग मागच्या सीटवर कुणी पुरुष आहे का ते शोधायचे. शोधोत बापडे. ती काळी अँबेसेडर वडिलांची. शेवटच्या आजारपणात त्यांची दवाखान्यात ने-आण मीच केली, आणि जाण्याआधी त्यांनी चावी माझ्याच हातात दिली. थोरल्या भावाला ते कधीच पचलं नाही.

त्या दसऱ्याला मी उठायच्या आत आईनं पूजेसाठी गाडी घासायला घेतली होती. समई घासावी तशी. चाळलेली राख, जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि गोल गोल हात. ऊन चढलं तशी बॉनेटभर बारीक गोल रेघांची जाळी दिसायला लागली. आई तोवर हळदकुंकू वाहून समाधानानं आत गेली होती. तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दुपारी भावानं पाहिलं. "पाह्य, काय करून ठेवलं. तुले गाडी सांभाळता येत नाही वं. सावनेरले माह्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे. दिवाळीनंतर बोलावतो त्याले."

"बोलाव," मी म्हटलं. आईचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पाठवा ना बाई, त्यांना समजते."

"साहेब नाहीत. डबे उघडा."

मेणाचं पॉलिश रेघा बुजवतं, पण गाडी धुतली की त्या पुन्हा वर येतात. असलं पावडर थापून तोंड लपवणं मला नको होतं. रबिंग कंपाउंड रंगाचा वरचा पापुद्रा घासून रेघा काढतं, पण ते जाड असलं तर स्वतःच्याच नव्या रेघा पाडतं. त्यानं कंपाउंडचे दोन डबे उघडले, मी दोन्हींतलं बोटांत चोळून पाहिलं. एक रव्यासारखं लागलं, दुसरं मैद्यासारखं. मैद्यासारखं घेतलं.

"त्यानं वेळ लागते, हात दुखतात," दुकानदार म्हणाला.

"माझेच दुखतील."

मी शिकवत होते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी सुरुवात केली. आधी डिकीखालच्या कोपऱ्यात करून पाहिलं, मग सावलीत, वीतभर वीतभर, सरळ हातानं. फडकं काळं व्हायचं. भाऊ ओसरीतून ओरडायचा, "रंग निघून राहिला ना वं. काहून ऐकत नाहीस?"

"निघू दे थोडा. रेघा त्यातच आहेत."

खांदे भरून यायचे. राग मात्र कमी होत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. सगळ्यात शेवटी मेणाचा हात फिरवला.

गिऱ्हाईक आलं. भर उन्हात गाडीभोवती फिरलं, बॉनेटवर वाकून आपली टोपी नीट केली आणि भावाला म्हणालं, "घेऊन टाकतो."

भावानं चावीसाठी माझ्यापुढे हात केला.

"विकायची नाही," मी म्हटलं. "पाहुण्यांना बसवर सोडून येते. बसा मागे." आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

भाऊ गिऱ्हाइकाला समजावू लागला, "हिच्या हाती राहिली तर पुन्हा तेच होईल. मागं हिनंच..."

आई दारात उभी होती. ती पायऱ्या उतरून आली आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर बसली.

"हिनं नाही गा. राखेनं म्या घासली होती. तिनं पाहिलं, अन् एका शब्दानं बोलली नाही तुह्याजवळ. बस आता मागं."

भाऊ मागे बसला.