वादीकाठचा शुक्रवार

रियाधच्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिसच्या विभागात मीनाक्षी परुळेकर एकोणीस वर्षं नर्स होती. मूळची वेंगुर्ल्याची. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. मुलगा शर्विल टोरांटोला. ती मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दहा मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपायचं. नर्सेसच्या हॉस्टेलात तिची खोली होती. सुट्टीच्या दिवशी ती कपडे धुवायची, डाळभात करायची आणि झोपायची.

रवि-मंगळ-गुरू, खिडकीजवळच्या खुर्चीवर उम्म झयान यायची. झयानची आई म्हणून उम्म झयान. तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. चार-चार तास यंत्राला जोडलेली ही म्हातारी सतत बोलायची. मीनाक्षीचं अरबी मोडकंतोडकं, पण सहा वर्षांत दोघींचं जमून गेलं होतं. म्हातारीचा खजुराचा मळा शहराबाहेर, वादी हनीफाच्या काठावर. तिच्या लहानपणी त्या दरीला पाऊस पडला तरच पाणी यायचं. आता शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात, म्हणून बारा महिने नदी वाहते.

"माझं तसंच," ती हसून म्हणायची. "तिकडे पाणी धुऊन सोडतात, इकडे तू माझं रक्त धुऊन सोडतेस."

आणि प्रत्येक गुरुवारी, सुई काढताना, "उद्या ये गं पोरी. नदी बघ."

"इन्शाअल्लाह," मीनाक्षी म्हणायची.

एकदा मात्र ती हो म्हणाली. शुक्रवारी सकाळी तिनं नारळाच्या वड्या केल्या, बऱ्यापैकी साडी नेसली. म्हातारीनं गाडी पाठवली. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा ती खिडकीत उभी होती. खाली पांढरी गाडी दिसत होती. पण कोणाच्या घरी जायची सवयच मोडली होती तिची. तिथं कोण कोण असेल, कुठं बसायचं, काय बोलायचं, या विचारानं पाय उचलेना. फोन वाजत राहिला. अर्ध्या तासानं गाडी निघून गेली. वड्या तिनं दुसऱ्या दिवशी विभागात वाटून टाकल्या.

रविवारी म्हातारीनं शुक्रवारचा विषयच काढला नाही. तब्येत विचारली, सुनेची तक्रार केली. फक्त त्यानंतर तिनं कधी बोलावलं नाही.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी त्या खुर्चीवर दुसराच पेशंट बसलेला दिसला. "उम्म झयान बुधवारी गेली, घरीच," इनचार्जनं सांगितलं आणि ती नव्या फाइलकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीनं टॅक्सी केली. वादीत बागेभर कुटुंबं गालिचे अंथरून बसली होती, पोरं पाण्यात खडे टाकत होती. बोरूच्या दाट बेटांमधून नदी वाहत होती. वेंगुर्ल्यात जिला वहाळ म्हणतील, एवढीच. विचारत विचारत ती मळ्याच्या फाटकाशी पोचली. आतून एक पिकल्या दाढीचा माणूस आला. तिचं हिंदी ऐकून त्यानं मराठीतच विचारलं, "बाई, तुम्ही कोकणातल्या काय? मी श्रीवर्धनचा. हुसेनमियाँ. इथला मळा सांभाळतो."

आपण कोण ते तिनं सांगितलं.

"म्हणजे त्या नर्सबाई तुम्ही!" त्यानं तिला पाण्याच्या कडेला नेलं. झाडाखाली मातीचा ओटा होता. "त्या शुक्रवारी अम्मा इथं बसली होती. गहव्याची कॉफी, खजूर, सगळं मांडून. पोरं-सुना जेद्दाहला, घरात आम्ही दोघंच. गाडी रिकामी आली, तरी मगरीबपर्यंत, पार दिवस बुडेपर्यंत उठेना. मी गालिचा गुंडाळायला गेलो तर ओरडली. मग म्हणाली, नर्स आहे ती, ड्युटी लागली असेल."

मीनाक्षीला मान हलवून मोकळं होता आलं असतं.

"ड्युटी नव्हती," ती म्हणाली. "मी घरीच होते."

हुसेनमियाँनं ओट्यावरची पानं हातानं झाडली. मग "बसा, चहा टाकतो," म्हणून आत गेला. ती एकटीच ओट्यावर बसली आणि एकोणीस वर्षांत प्रथमच एका पेशंटसाठी रडली.

हॉस्टेलवर परतल्यावर तिनं दर्शनाला फोन केला. रियाधमधल्याच एका बँकेत काम करणारी ही ओळखीची बाई दर संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलवायची आणि मीनाक्षी दर वर्षी काहीतरी कारण सांगायची.

"दर्शना, पुढच्या शुक्रवारी घरी आहेस का? येऊ?"

"अहो मीनाक्षीताई, विचारताय काय! या ना!"

ती गेली. फार रंगलं वगैरे काही नाही. मुलं आतल्या खोलीत टीव्ही बघत होती, नवऱ्याला सारखे ऑफिसचे फोन येत होते, दर्शना स्वयंपाकघरातूनच बोलत होती. मीनाक्षीला दोनदा वाटलं, उठावं. ती उठली नाही. जेवून, ताटं घासू लागून, आठ वाजता परतली. खोली तशीच रिकामी होती. पण महिन्याभरानं दर्शनानं पुन्हा बोलावलं, तेव्हा तिनं कारण शोधलं नाही.