खास विषयाचा रकाना

कुजबूज अशी होती, की विद्यापीठाच्या कचेरीतल्या नोंदणीबाईंचं आणि भूगोलाच्या म्हाताऱ्या सरांचं काहीतरी आहे. काहीतरी म्हणजे काय, ते कोणी सांगत नसे. भुवया मात्र सगळेच उडवत.

त्याचं झालं असं. नव्या कुलगुरूंनी फर्मान काढलं: तज्ज्ञांची यादी छापायची. प्रत्येकाचा खास विषय वेगळा हवा. ज्याला तो नाही, त्याची जागा रद्द. हे लोढणं अर्थातच बाईंच्या गळ्यात.

मग काय, पंडितांची झुंबड! गंजाचे तज्ज्ञ दोन निघाले. बाईंच्या टेबलाशी तासभर हमरीतुमरी झाली आणि शेवटी एकाने पाण्यावरचा गंज घेतला, दुसऱ्याने पाण्याखालचा. नेमका पाण्याच्या रेषेवर पूल गंजला, तर तो पुलाचा प्रश्न. गोगलगायीचे विद्वान शंखापुरतेच उरले. आतल्या जिवाशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

भूगोलाच्या सरांनी फॉर्मवर खास विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘शिकवणे’.

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो सर, हा काय विषय झाला?”

“मग काय लिहू? तीस वर्षं तेच केलं.”

“तेच नडतंय ना! निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि नोकरी घालवून बसाल. घरी काय सांगाल?”

“सांगेन, शिकवताना पकडला गेलो.”

सर तासाला निघून गेले. बाईंनी चष्मा पुसला आणि टंकलं: ‘आंतरव्यक्तिक ज्ञानसंक्रमणाची प्रत्यक्ष प्रक्रिया’.

यादी तपासणाऱ्या समितीत अकरा विद्वान. ओळ सगळ्यांनी दोनदोनदा वाचली. कळलं नाही, असं म्हणायची कोणाची छाती होईना. अखेर अध्यक्ष खाकरले, “या विषयात आपण फार मागे पडलो आहोत.”

झालं! सरांची जागा वाचली, वर त्यांच्या नावाने संशोधन केंद्रही मंजूर झालं. उद्घाटनाला सर आले नाहीत. त्यांचा वर्ग होता.

आता, बाई कोणासाठी फुकट एवढी अक्कल लढवतील? गंजवाले दोघे आयुष्यात पहिल्यांदा एकमताने म्हणाले, “पाणी मुरतंय.”

खरं एवढंच, की एकशे चाळीस तज्ज्ञांत ठरल्या तारखेला, वाचता येईल अशा अक्षरात फॉर्म भरून देणारे सर एकटेच होते.