अर्धी प्रदक्षिणा

आजवर मी या ग्रुपवर फक्त दुसऱ्यांच्या अनुभवांखाली "वाऱ्याने दार वाजलं असेल" असं लिहायला यायचे. ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, भूतबित माझ्या सिलॅबसमध्ये नाही. तर आता हसा माझ्यावर...

बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून आई त्यांना रोज संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली चालवायची. बाबा कंपाउंडच्या भिंतीला धरून, एक पाय घासत चालायचे आणि अर्ध्यातूनच परत फिरायला बघायचे. मग आईचा आवाज चढायचा, "अहो, फेरी पूर्ण करा!" बाबा गेले आणि आई खाली उतरेनाशी झाली. जेवण दोन घासांवर आलं. डोळ्यांतून टिपूस नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एका रविवारी सकाळी तिला जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं आणि मुरबाडच्या पुढे डोंगरात नेलं. तिथे एक छोटं बौद्ध विहार आहे, एकच वयस्कर भंतेजी असतात. वर कातळात कोरलेल्या लेण्यात जुना स्तूप आहे. भंतेजींनी पाणी दिलं, "सावकाश बघा" म्हणाले आणि अंगण झाडायला लागले. लेण्यात आम्ही दोघीच.

आई कोकणातली, शंकराची भक्त. गोल दगडी स्तूप तिला पिंडीच वाटला. हात जोडून प्रदक्षिणेला निघाली. आता शंकराची प्रदक्षिणा अर्धीच, पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. मी म्हटलं, जाऊ दे, चालतेय हेच खूप.

ती स्तूपामागे गेली. पावलं थांबली. म्हणजे आता फिरणार... तर पावलं पुढेच निघाली. आणि त्यांच्या जोडीला आणखी कुणाची तरी — एक टाकलेलं, एक घासलेलं. एक टाकलेलं, एक घासलेलं.

आई दुसऱ्या बाजूने बाहेर आली. एकटीच. तिथेच बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"मी परत फिरत होते गं... हे म्हणाले, अगं, फेरी पूर्ण कर. तुला आलं ना ऐकू?"

एरवी मी प्रतिध्वनीवर लेक्चर दिलं असतं.

"बोलणं नाही आलं. पाय घासल्याचं आलं."

आईने पदराने नाक पुसलं. "बघ! पाय उचलून टाका म्हणून सांगायला तिकडे कोणी नाही त्यांना."

खाली आल्यावर भंतेजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं इथे आहे, मला कधी काही ऐकू आलं नाही. पण आईंना भूक लागली असेल, खिचडी खाऊन जा." आईने दुसऱ्यांदा मागून घेतली.

नंतर मी एकटी जाऊन त्या स्तूपाभोवती चालून आले, हळू, जोरात, पाय घासतसुद्धा. मागे नुसता कातळ, दुसरी वाट नाही. प्रतिध्वनी म्हणावा, तर आईचे दोन्ही पाय धड आहेत. मला अजूनही काही सांगता येत नाही.

आई आता रोज संध्याकाळी खाली उतरते. मी गॅलरीतून बघते. भिंतीकडची एका माणसाची जागा सोडून चालते, वळणावर जरा थांबते, आणि मग पुढे निघते.