चौथा दिवस

"लांबूनच बोल वं, मी भायेर हाओ." रिठदला आमच्या शेजारच्या काकी परसातल्या पडवीतून असं ओरडायच्या आणि लगेच स्वतःच हसायच्या. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल, जिला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. बाहेर बसल्या तरी घर त्यांच्याच आवाजावर चालायचं. सुनेची भाजी लागली की वास त्यांना आधी यायचा.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. काकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, नातवंडं खेळवत होत्या. एकाएकी पुन्हा विटाळ सुरू झाला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्यांची भरपूर थट्टा केली. "म्हातारपनी जवानी आली काय, काकी?"

"आली तं येऊ दे. तेवढाच चुलीपासून आराम भेटून राह्यला."

रीत अशी की तीन दिवस बाहेर बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. काकींचं चौथ्या दिवशीही थांबेना. न्हाऊन आत यायच्या, संध्याकाळी पुन्हा पडवीत. पुढं आत येणंच बंद झालं. अंगावरून जात होतं आणि त्या ते अंगावर काढत होत्या.

पोळ्याच्या सुमारास मी गरोदर होते. रिसोडच्या दवाखान्यात नर्सबाईंना मी काकींची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बंद झालेली पाळी अशी परत येत नसते. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ असू शकते. लवकर अकोल्याला न्या, ते मुंबईला पाठवतील. रेडियमचा इलाज आहे, पण वेळेत जायला हवं."

त्याच दिवशी मी काकांना, म्हणजे काकींच्या मालकांना, सांगितलं. घरची शेती, घरची गाडी, कशाची अडचण नव्हती.

"नेऊ ना. नाई कोन म्हन्ते?" काका म्हणाले. "पन भायेर हाय तोवर गाडीत कशी बसवू? त्याच गाडीत आमी देवाले जातो. चवथा दिस होऊ दे."

"थो दिस येऊनच नाई राह्यला, काकाजी."

"येईन. घाई कायले?"

हे लिहितानाही माझं डोकं तापतं. जे थांबत नाही म्हणून तिला न्यायचं होतं, ते थांबल्यावर नेऊ म्हणत होते. आणि काका दुष्ट नव्हते हो. बाजारातून तिच्यासाठी खारका आणायचे आणि लांबून सरकवायचे. सरळ दुष्ट असते तर मी भांडले तरी असते.

दिवाळीनंतर पडवीतला वास घरात येऊ लागला. तेव्हा मात्र गाडी निघाली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि परत पाठवलं. सुरुवातीला आणायला हवं होतं, म्हणाल्या.

परतल्यावर काकींनी मला जवळ बसवून घेतलं. आवाज पार बसला होता.

"तवा गेली असती तं वाचली असती काय वं?"

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मले कोनी इचारलंच नाई. गाडी कायले पायजे होती? मी पायी गेली असती."

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. बाहेर बसलेली बाई तशीच मसणात नेता येत नाही, म्हणून घरात खलबतं सुरू झाली. मग गल्लीतल्या एका म्हातारीनं उपाय सांगितला. पाण्यात गोमूत्र घालून अंघोळ घातली, वरून पंचगव्य शिंपडलं. झाल्या काकी शुद्ध. चौघांनी खांदा दिला, कुणी लांब उभं राहिलं नाही.

एवढं पोळ्यालाच केलं असतं, तर त्यांना गाडीत बसवता आलं असतं.